थोरल्या, त्याला सांग

लेकी बोले सुने लागे, अशी रीत पुष्कळ घरांत असते. या घरात लेक नव्हती, सूनही नव्हती. बैल होता.

बैलाचं नाव थोरला. तो आला तेव्हा घरातला एकुलता एक पोरगा शाळेत जायला लागलेला होता, म्हणजे वयाने पोरगाच मोठा. पण बापाने दावं खुंट्याला बांधता बांधता निकाल देऊन टाकला, ‘‘घरात जो कमावतो तो थोरला.’’ त्या दिवसापासून पोरगा धाकटा झाला. पुढे त्याने पदवी घेतली, तरी धाकटाच राहिला. पदवीने कुणी छकडा ओढत नाही.

बापाचा धंदा पाण्याचा. छकड्यावर लोखंडी टाकी, टाकीला मागे तोटी. गावाबाहेरच्या विहिरीवर टाकी भरायची आणि नळाला नुसती हवा येणाऱ्या घरांपुढे रिकामी करायची. दिवसभर बापाच्या डोळ्यांपुढे थोरल्याची पाठ असायची. जे काही मनात येईल ते त्या पाठीला सांगायची जिभेला सवय लागली. संध्याकाळी छकडा सुटला तरी ती सवय काही सुटली नाही.

अंगणात ताट पुढे घेऊन बाप गोठ्याकडे तोंड करी.

‘‘थोरल्या, तिला विचार, भाजीत मीठ घातलं होतं का नुसतं दाखवलं होतं?’’

आई चुलीपासूनच उत्तर देई. ‘‘थोरल्या, त्यांना सांग, मीठ बरोबर होतं, पाणी जास्त झालं. पाण्याचाच धंदा आहे ना घरात.’’

‘‘थोरल्या, तुझ्या भावाला सांग, दोन तांब्यांत आंघोळ होते. तू तर वर्षभर करत नाहीस, तुझं काही अडतं का?’’

थोरला मान हलवी. होकार असेल, नाहीतर माशी असेल. निरोप मात्र पोचायचे. भांडणं व्हायची, मिटायची, दुखणी कळायची, आणि कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही. धाकट्याला वाटायचं, बाबांनी एकदा आपल्याकडे बघून बोलावं. शिवी दिली तरी चालेल. पण हे सांगायचं कसं? थोरल्याकरवी सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

पदवीनंतर धाकट्याला एका दुकानात हिशेबाची नोकरी लागली होती. एके दिवशी मालकाने टेबलापलीकडून विचारलं, ‘‘काय रे, चेहरा का उतरलाय?’’ धाकट्याच्या अंगात ताप होता. त्याने शेजारी उभ्या असलेल्या शिपायाकडे वळून सांगितलं, ‘‘मालकांना सांगा, मला बरं वाटत नाही.’’ मालक समोरच होते, हाताच्या अंतरावर. त्यांनीही शिपायाला सांगितलं, ‘‘याला सांग, उद्यापासून येऊ नको.’’ धाकट्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. घरच्यासारखीच वागणूक होती.

घरी येऊन त्याने ताप सांगितला, नोकरीचं नंतर.

त्या उन्हाळ्यात शहरातल्या एका संस्थेने गरीब घरांतल्या पदवीधरांसाठी वर्ग काढला. संस्थेला असं आढळलं होतं की या पोरांना नोकऱ्या लागतात, पण टिकत नाहीत. साहेब ओरडला की एकतर मुकी होतात, नाहीतर खुर्ची सोडून सरळ घरी जातात. म्हणून त्यांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवायची. शेवटी एका कंपनीचे साहेब येऊन परीक्षा घेणार होते, पास होईल त्याला नोकरी.

बाप थोरल्याच्या पाठीवर पाणी मारत होता. त्याने ऐकून घेतलं. ‘‘थोरल्या, विचार त्याला, हिशेबाची बुद्धी चालली नाही म्हणून आता भावनांना जुंपणार का?’’

‘‘थोरल्या, सांग त्यांना,’’ आई म्हणाली, ‘‘जाऊ दे पोराला. नाहीतरी घरी बसून माशाच मारतो. त्या तर तुझ्या हक्काच्या.’’

धाकटा सकाळी विहिरीवर टाकी भरू लागे. बादली वर ओढताना तळहात सोलायचे, मग तेच हात खिशात घालून तो बसने शहरात जाई. वर्ग एका शिवणयंत्राच्या दुकानावरच्या खोलीत होता. खालून यंत्रांची टरटर यायची आणि वर खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई चांगल्या होत्या. त्या कुणाला वेड्यात काढत नसत, त्यामुळे पोरं जास्तच गोंधळत.

‘‘आज प्रत्येकाने एक वाक्य पुरं करायचं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मला अमुक वाटतं. बास. नुसत्या नंदीबैलासारख्या माना हलवायच्या नाहीत.’’

एकाला भीती वाटत होती. एकीला राग येत होता, तो कुणाचा हे तिने यादीच करून सांगितलं. चष्मेवाल्या पोराला अपुरं वाटत होतं, हा शब्द ऐकून सगळे त्याच्याकडे आदराने बघू लागले. धाकट्याची पाळी आली.

‘‘मला बरं वाटतं.’’

‘‘बरं म्हणजे?’’

‘‘म्हणजे... बरं.’’

‘‘माझ्याकडे बघून सांग.’’

धाकट्याने प्रयत्न केला. ताईंच्या डोळ्यांपर्यंत नजर गेली आणि ऊन लागावं तशी मिटली. मध्ये स्टुलावर पाण्याचा जग होता. त्याच्याकडे बघून तो म्हणाला, ‘‘ताईंना सांग, मला खरंच बरं वाटतं.’’

वर्ग हसला. चष्मेवाला म्हणाला, ‘‘जगालाच कळू दे एकदा.’’ त्यावर वर्ग आणखी हसला. ताई हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी धाकट्याला जिन्यात थांबवलं.

‘‘घरी कुणाशी बोलतोस?’’

‘‘सगळ्यांशी.’’

‘‘कसं?’’

धाकट्याने कसं ते सांगितलं. ताईंनी कठडा धरला. मग म्हणाल्या, ‘‘आज घरी जाऊन वडिलांना सरळ विचार, बाबा, तुम्हाला कसं वाटतंय? त्यांच्याकडे बघून.’’

बाप चाकाला वंगण घालत होता. धाकटा त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला, नजर वर केली आणि विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला कसं वाटतंय?’’

बापाचा हात थांबला. त्याने वंगणाचा डबा खाली ठेवला, उठला आणि दोन पावलं मागे सरकला. मग गोठ्याकडे तोंड करून म्हणाला, ‘‘थोरल्या, तिला म्हणावं बाहेर ये. पोराला ऊन लागलंय.’’

आईने धावत येऊन धाकट्याच्या कपाळावर ओला फडका ठेवला. रात्रीपर्यंत त्याला उठू दिलं नाही.

थोरल्याचं एव्हाना वय झालं होतं. पुढच्या उजव्या खुरात भेग पडली होती, चढावर तो पाय टेकवताना अंग चोरायचा. विहिरीचं पाणी खाली गेलं तशी बादलीची दोरी लांबवावी लागली, आणि नळ आटले तशी पाणी घेणारी घरं वाढली. बाप टाकी अर्धीच भरू लागला. थांबत थांबत चढ चढायचा. लोक रिकाम्या घागरी घेऊन दारात उभे असायचे आणि म्हणायचे, ‘‘काय हो, पाणी घेऊन येताय की बैलाची वरात घेऊन?’’

बाप त्यांना उत्तर देत नसे. थोरल्याला म्हणे, ‘‘सांग त्यांना, नवरदेव दमलाय.’’

एका दुपारी धाकटा वर्गातून परतला तर टाकी चढाच्या मध्यावर उभी होती. चाकांखाली दगड लावलेले. तोटी कुणीतरी उघडी टाकली होती आणि पाणी उतारावरून वाहून गेलं होतं, फक्त ओला रंग उरला होता. दांड्या रिकाम्या होत्या.

घरी गोठा रिकामा होता. बापाच्या धोतरावर माती होती, नखांत माती होती. आई चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. धाकट्याने दोघांकडे पाहिलं. काय झालं ते त्याला दिसत होतंच, पण कुणीतरी सांगायला हवं होतं. बापाने तोंड उघडलं, सवयीने गोठ्याकडे वळला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

कुणाच्या करवी सांगणार?

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण लोक दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. बापाने ती कामाला घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने रिकाम्या गोठ्याचं छप्पर शाकारलं, गव्हाणीची फळी बदलली, खुंटा उपटून नवा ठोकला. गोठा असा झाला की कुणाही बैलाने यावं. कुणी आलं नाही.

घर बंद पडलं. भाजी अळणी झाली तर अळणीच जेवायची, कारण सांगायला कोणी नव्हतं. आईच्या कमरेत उसण भरली, ते धाकट्याला तिच्या वाकण्यावरून कळलं. एकदा आई खुंट्याशी बोलून बघत होती. ‘‘सांग त्यांना, कपडे धुवायला टाका,’’ ती हळूच म्हणाली. खुंटा नवा होता, त्याला घरातलं काही माहीत नव्हतं. बाप त्याच धोतरात बसून राहिला.

वर्गात ताईंनी त्या दिवशी खुर्च्या वेगळ्या मांडल्या. दोन दोन, पाठीला पाठ.

‘‘काही जणांना डोळ्यांत बघून बोलता येत नाही,’’ त्या म्हणाल्या. धाकट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ‘‘काही हरकत नाही. आधी असं बोलू. मागचा ऐकेल. मध्ये बोलणार नाही, सल्ला देणार नाही. नुसता आहे एवढं कळू देईल.’’

धाकट्याच्या मागे चष्मेवाला आला. त्याची हाडकुळी पाठ धाकट्याच्या पाठीला टेकली. श्वास घेतला की हलायची. खाली यंत्रांची टरटर चालू होती.

‘‘आमचा बैल गेला,’’ धाकटा म्हणाला. ‘‘मला थोरला होता.’’

पाठ एकदा हसल्यासारखी हलली. मग थांबली.

‘‘हं,’’ चष्मेवाला म्हणाला.

‘‘घरात आता कुणी कुणाशी बोलत नाही. तिघं आहोत, पण प्रत्येक जण एकटाच असतो. मला... मला एकटं वाटतं.’’

‘‘हं.’’

वाक्य पुरं झालं होतं. धाकट्याला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. त्याने ताईंकडे पाहिलं नाही, पण ताईंनी खिडकीबाहेर बघत नाक पुसल्याचं त्याला ऐकू आलं.

घागरी कुणासाठी थांबत नाहीत. पाणी हवंच होतं, आणि गावात दुसरा छकडा नव्हता. एका सकाळी धाकटा उठला तर लोकांनी चढावरून ढकलत आणून दारात लावलेला छकडा बाप एकटाच दांड्यांमध्ये शिरून हलवायला बघत होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. टाकी रिकामी होती तरी चाक जेमतेम कुरकुरलं.

धाकट्याने बापाच्या काखेखालून आत घुसून दांड्या धरल्या. बाप बाजूला झाला, मागे गेला आणि टाकीला खांदा लावला.

पदवीधर माणूस छकड्याला जुंपलेला बघायला लोक दारात आले. ‘‘चला, शिक्षणाचा उपयोग झाला,’’ एकजण म्हणाला. ‘‘मान तर बघा, घडवून घेतल्यासारखी,’’ दुसऱ्याने भर घातली. धाकट्याचे कान तापले. विहिरीवर अर्धी टाकी भरली आणि परतताना चढ लागला. दांड्या बांधायची दोरी खांद्यात रुतली. पायाखालची खडी सरकत होती. त्याने मान खाली घातली, पाठ वाकवली आणि पुढे पाहिलं तर फक्त रस्ता होता. थोरल्याला आयुष्यभर एवढंच दिसलं असणार.

आणि मागून आवाज आला.

‘‘थोरल्या.’’

धाकट्याचं पाऊल अडखळलं. मागे वळून बघायचं मनात आलं. मग त्या दोन खुर्च्या आठवल्या. तो वळला नाही. त्याने मान हलवली.

‘‘थोरल्या, दमानं. खांदा आखडू नको. आखडलेला खांदा सोलतो.’’ थोडा वेळ नुसती चाकं बोलली. ‘‘तू चढावर बसलास तेव्हा मी तुला ओरडलो. शेवटचं ओरडलो. तुला उठता येत नाही हे मला कळलंच नाही रे.’’

धाकटा ओढत राहिला.

‘‘धाकट्याला सांगायचं होतं तुझं. सांगताच आलं नाही. तू सांग त्याला.’’

‘‘हं,’’ धाकटा म्हणाला.

बैल हं म्हणत नाही, हे बापाच्या ध्यानात आलं असेल. पण त्याने तक्रार केली नाही. चढ संपेपर्यंत तो बोलत राहिला. आईची कंबर दुखते ती त्याला दिसते, भाजीत मीठ नसतं हे त्याला कळतं, नव्या खुंट्याशी त्याचं पटत नाही. घरी आल्यावर दांड्या खाली टेकल्या आणि बाप पुन्हा मुका झाला. धाकट्याने मात्र आईला जाऊन सांगितलं, ‘‘तुझी कंबर दुखते ते त्यांना दिसतं.’’ आई बराच वेळ डबा पुसत बसली. त्या दिवशी भाजीत मीठ होतं.

परीक्षेला साहेब तिघे आले होते. धाकटा जिन्यात उभा राहून घोकत होता : डोळ्यांत बघायचं, डोळ्यांत बघायचं. आत गेला तर खोलीत डोळेच नव्हते. एक टेबल, एक फोन. नोकरी फोनवर तक्रारी ऐकायची होती, आणि तिघांतले एक साहेब शेजारच्या खोलीतून संतापलेलं गिऱ्हाईक होऊन बोलणार होते.

‘‘फ्रीज बंद पडलाय!’’ फोनमधून साहेब गरजले. ‘‘कितव्यांदा फोन करतोय मी! तुम्ही माणसं आहात की जनावरं?’’

आधीच्या उमेदवारांनी इथे भराभर माफी मागितली होती. धाकट्याला हा प्रश्न अवघड गेला नाही. खांदा आखडला होता, तो त्याने सैल सोडला.

‘‘बोला,’’ तो म्हणाला. ‘‘मी ऐकतोय.’’

साहेब ओरडले. धाकटा हं म्हणाला. साहेब आणखी ओरडले, धाकटा योग्य जागी आणखी एकदा हं म्हणाला. मग ओरडण्यासारखं काही उरलं नाही.

‘‘फार दिवस सांगताय आणि कुणी ऐकलं नाही, म्हणून राग आलाय तुम्हाला,’’ धाकटा म्हणाला. ‘‘ज्याला सांगायचंय त्याच्यापर्यंत मी पोचवतो.’’

मग साहेबांनी फ्रीज सोडून दुसरंच काहीतरी हळू आवाजात सांगायला घेतलं. ते इथे सांगणं बरं नाही, निरोप ज्याचा त्याचा. एवढंच की ताईंना शेवटी त्या खोलीचं दार वाजवावं लागलं.

‘‘मिळाली तुला,’’ ताई जिन्यात म्हणाल्या. ‘‘पण दूर जावं लागेल. घरी सांगशील ना?’’

धाकटा त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकला. क्षणभरच, पण बघितलं. ‘‘सांगतो, ताई.’’

सांगायची जागा एकच होती. चढ लागला तेव्हा दांड्यांमधून, रस्त्याकडे बघत तो म्हणाला, ‘‘धाकट्याला नोकरी लागली. दूर आहे. जायचंय.’’

टाकी एकाएकी जड झाली. मागचा खांदा निघाला होता. सगळं वजन धाकट्याच्या मानेवर आलं, छकडा मागे घसरू लागला, टाचा खडीत रुतल्या. तो ओरडला नाही. दात खाऊन उभा राहिला. मग मागे जोर लागला. आधीपेक्षा जास्त लागला, इतका की धाकट्याला ओढावंच लागेना, नुसतं पुढे पळावं लागलं.

जायच्या दिवशी बापाने टाकी उतरवून ठेवली आणि छकड्यावर धाकट्याची पेटी चढवली. धाकटा दांड्यांकडे गेला तर बाप आधीच आत उभा होता. बाजूला हो, असा त्याने नुसता हात केला. आई दारातच थांबली. तिने धाकट्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘जेवत जा.’’ दोघांनाही त्याची सवय नव्हती, त्यामुळे दोघांनीही चटकन सोडून दिलं.

बस उभी होती. पेटी टपावर गेली. बाप आणि धाकटा समोरासमोर उभे राहिले. बापाने बसचं पुढचं चाक पाहिलं, मग मागचं चाक पाहिलं, त्याला वंगण आहे का हे वाकून पाहिलं. मग पाहायला काही उरलं नाही. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

धाकट्याने त्याच्याकडे पाठ केली. मान थोडी खाली घातली आणि थांबला. बसमधले लोक बघत होते. बघू देत.

दोरीने जिथे सोललं होतं तिथे बापाचा हात आला. बैलाचा खांदा चाचपावा तसा त्याने तो चाचपला.

‘‘थोरल्या.’’

‘‘हं.’’

‘‘धाकट्याला सांग, साहेब ओरडला तर ओरडू दे. त्यालाही कुणी नसेल.’’ हात तिथेच राहिला. ‘‘आणि सांग, घरात आता मला बोलायला कुणी नाही.’’

‘‘सांगतो.’’

‘‘पाय घासत चालतो तो. चपला झिजतात. तेही सांग.’’

कंडक्टरने घंटी मारली. खांद्यावरचा हात निघाला. धाकटा मागे न बघता बसमध्ये चढला, खिडकीशी बसला, आणि तेव्हा त्याने बाहेर पाहिलं. बाप दांड्यांमध्ये शिरून निघालाही होता. रिकामा छकडा, त्याच्यापुढे वाकलेली पाठ.

धाकट्याने खिडकीतून डोकं काढलं आणि त्या पाठीला सांगितलं. काय सांगितलं ते बसच्या घरघरीत शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही, मग एवढ्या लांब कुठून जाणार?

पण दांड्यांमधल्या माणसाने एकदा मान हलवली.

माशी असेल.